मदत हवी आहे: पाण्याखालचे सगळे फोटो निळे-हिरवे आलेत, नवशिक्याला झेपेल असं एडिटिंग सॉफ्टवेअर सांगा

मंडळी, जरा हात द्या. सुट्टीत आयुष्यात पहिल्यांदा स्नॉर्केलिंग केलं, आणि शेवटच्या दिवशी धीर करून एक ट्राय डाइव्ह पण केलं, इन्स्ट्रक्टरने अक्षरशः धरून १२ मीटरपर्यंत नेलं. सोबत छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा होता आणि हौस एवढी की ६४० फोटो काढून आलो. पाण्यात असताना वाटत होतं काय एकेक रंग आहेत, आणि लॅपटॉपवर उघडून बघतो तर सगळे फोटो निळीच्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखे. मासा निळा, कोरल निळं, बायको निळी.

फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये ऑटोचं बटण दाबून बघितलं, कोरल जरा सुधारलं पण बायकोचा चेहरा भाजल्यासारखा लालभडक झाला आणि मागचं पाणी जांभळं. तो फोटो तिला दाखवायची चूक केली ती केलीच. मग एक मोठं सॉफ्टवेअर ट्रायलवर घेतलं, त्यात लेअर, मास्क, कर्व्ह असं काय काय दिसलं की दहा मिनिटांत बंद करून टाकलं.

माझी अडचण अशी की मी फोटोग्राफर नाही, वर्षातून एकदा कधीतरी असे फोटो निघणार, त्यामुळे दर महिन्याला पैसे भरायचं सबस्क्रिप्शन नकोय. फुकट असेल तर उत्तम, एकदाच विकत घ्यायचं असेल तरी चालेल. लॅपटॉप विंडोजचा, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आणि ६४० फोटो एकेक करत बसलो तर पुढची सुट्टी येईल. बहुतेक फोटो जेपेग आहेत, पण डाइव्हच्या दिवशी बोटीवरच्या एकाने सांगितलं म्हणून रॉ चालू केलं होतं, तर ९० एक फोटोंच्या सोबत ओआरएफ अशी वेगळी फाइल पण आहे, ती साध्या व्ह्यूअरमध्ये उघडतच नाही, डिलीट करू का ठेवू?

लाइटरूम, गिंप, डार्कटेबल, रॉथेरपी, स्नॅपसीड एवढी नावं ऐकलीत. यातलं नक्की कुठलं घेऊ?

प्रतिसाद:
एवढा विचार कशाला, स्नॅपसीड टाका फोनवर. फुकट आहे. व्हाइट बॅलन्समध्ये (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल साधायची सोय) जाऊन ड्रॉपर पांढऱ्या वाळूवर ठेवायचा, टेंपरेचर थोडं पिवळ्याकडे, टिंट थोडा गुलाबीकडे, मग कॉन्ट्रास्ट वाढवायचा, दोन मिनिटांचं काम. मी सगळे असेच करते. शेवटचं एडिट पुढच्या फोटोलाही लावता येतं.

प्रतिसाद:
वरच्या ताईंचं दहा-वीस फोटोंसाठी बरोबर आहे, पण ६४० फोटो फोनवर करायचे म्हणजे अंगठा गळून पडेल.

आणि भाऊ, ओआरएफ अजिबात डिलीट करू नका!! तीच तुमची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही प्रक्रिया न करता ठेवलेली कच्ची माहिती, तोच तर खजिना आहे तुमचा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६. वर सहज काढलेल्या फोटोत हा फरक कळतही नाही, पण पाण्याखाली लाल रंग आधीच तळाशी जाऊन बसलेला असतो, जेपेगमध्ये त्याच्या वाट्याला येतात जेमतेम पाच-दहा पायऱ्या, त्या ओढून ताणून वर आणल्या की रंगाचे पट्टे दिसायला लागतात. शिवाय जेपेगमध्ये कॅमेऱ्याने व्हाइट बॅलन्स आधीच शिजवून टाकलेला असतो, रॉमध्ये तो तुम्ही नंतर पाहिजे तसा ठरवू शकता.

सॉफ्टवेअर निवडायच्या आधी फोटो निळा का होतो ते समजून घ्या, नाहीतर कुठलंही घेतलं तरी चिडचिडच होणार. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी गिळतं. अगदी स्वच्छ पाण्यातसुद्धा ५ मीटरवर लालचा साधारण पाचवा हिस्सा उरतो, १० मीटरवर शंभरातले तीन-चार भाग. आणि हे नुसतं खोलीचं नाही, प्रकाश वरून माशापर्यंत येतो आणि माशापासून तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत पण पाण्यातूनच येतो, म्हणजे ५ मीटर खोल असलेला मासा तुमच्यापासून ३ मीटर लांब असेल तर हिशोब ८ मीटरचा धरायचा. म्हणून हाताच्या अंतरावरून काढलेले फोटो सहज सुधारतात आणि लांबचे काही केल्या सुधारत नाहीत.

तुमच्या केसमध्ये मी रॉथेरपी सांगेन. फुकट आहे, जेपेग आणि ओआरएफ दोन्ही उघडतं, मूळ फाइलला हात लावत नाही, केलेले बदल शेजारी छोट्या वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे बिनधास्त वाट लावा, परत येता येतं. पडद्यावर बटणं भरमसाट आहेत हे खरं, पण तुम्हाला लागणारी चारच. कलर टॅबमध्ये व्हाइट बॅलन्स, तिथे पिक दाबा आणि राखाडी किंवा पांढऱ्या वस्तूवर क्लिक करा, वाळू, पांढरे फिन, डाइव्हरच्या टाकीवरची पांढरी पट्टी, काहीही. फक्त ती वस्तू उन्हाने पूर्ण फटफटीत झालेली नको, कारण जिथे रंगाची माहितीच उडाली आहे तिथून सॉफ्टवेअर काय बोध घेणार. एक फोटो मनासारखा झाला की फाइल ब्राउझरमध्ये त्याचा प्रोफाइल, म्हणजे केलेल्या बदलांची यादी, कॉपी करा, त्याच ठिकाणी त्याच खोलीवर काढलेले बाकीचे निवडून पेस्ट करा, पन्नास फोटो एका फटक्यात.

आणि हे सगळं करायच्या आधी ६४० चे ६० करा. खरंच सांगतो. हललेले, माशाची नुसती शेपटी आलेले, स्वतःचा अंगठा आलेले, सगळे बाजूला.

प्रतिसाद:
लाइटरूम. सबस्क्रिप्शन नको म्हणताय ते ठीक, पण शिकायला त्याच्याइतकं सोपं दुसरं नाही, आणि मास्क (फोटोचा ठरावीक भाग वेगळा निवडायची सोय) वापरून फक्त माणसाच्या चेहऱ्याचा रंग वेगळा ठेवता येतो, तुमच्या घरातला मूळ वाद तोच दिसतोय. धूसरपणा घालवणारा डीहेझ स्लायडर तर पाण्याखालच्या फोटोला जादू करतो.

प्रतिसाद:
डीहेझची जादू जपून हो. १५-२० च्या वर नेलात की पाण्यातला कणन् कण उठून दिसतो, आणि सावल्यांमध्ये रवाळपणा येतो तो वेगळाच. वर्षातून एकदा लागणाऱ्या माणसाला महिन्याचं भाडं सुचवणं मला तरी पटत नाही.

डार्कटेबल मी स्वतः वापरतो आणि मला प्रचंड आवडतं, तरी नवशिक्याला सांगणार नाही. त्यात व्हाइट बॅलन्स आणि कलर कॅलिब्रेशन अशा दोन मॉड्यूलमध्ये रंग बदलता येतो, नवखा माणूस दोन्हीकडे बदलतो, मग ते इशारा दाखवतं आणि माणूस गोंधळतो. गिंप हे चांगलं आहे पण त्याचं काम वेगळं, ते ओआरएफ थेट उघडत नाही, त्याला मदतीला डार्कटेबल किंवा रॉथेरपी लागतंच. जेपेगसाठी मात्र त्याच्या रंग मेनूत ऑटो व्हाइट बॅलन्स आहे, एक क्लिक करून बघायला हरकत नाही.

प्रतिसाद:
आता एआय वगैरे आलंय ना, एका बटणात सगळं होत नाही का?

प्रतिसाद:
काही फोटोंत होतं, पण तुम्हाला त्याचा कंट्रोल राहत नाही. ऑटो बटण बहुतेक वेळा पूर्ण फोटोला एकच दुरुस्ती लावतं, आणि जवळचा चेहरा आणि लांबचं पाणी यांना वेगवेगळी लागते, म्हणून चेहरा लाल आणि पाणी जांभळं. २०१९ मध्ये देर्या अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ या दोघींनी सी-थ्रू नावाची पद्धत मांडली होती, तिचे नमुने नेटवर बघितले तर पाणी काढूनच टाकल्यासारखं वाटतं. पण त्यात फोटोतला प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते कळावं लागतं, त्यासाठी एकाच जागेचे वेगवेगळ्या बाजूंनी बरेच फोटो काढायचे. पळणाऱ्या माशाला थांब म्हणायचं का त्यासाठी?

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार, एवढी माहिती मिळेल वाटलं नव्हतं. रॉथेरपी टाकलं. पहिला अर्धा तास घाम फुटला, शार्पनिंगचा स्लायडर हलवतोय आणि काहीच होत नाहीये, मला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं, मग कळलं की तो परिणाम १०० टक्के झूम केल्यावरच दिसतो. व्हाइट बॅलन्सचा पिक मात्र भन्नाट, स्नॉर्केलिंगचे फोटो एका क्लिकमध्ये माणसात आले. आधी निवड करा म्हणालात ते सगळ्यात कामी आलं, ६४० चे ७८ झाले आणि खरं सांगायचं तर त्यातलेही वीसच कुणाला दाखवावेत असे आहेत. लॅपटॉप जरा धापा टाकतो पण चालतंय.

पण १२ मीटरवरचे फोटो हट्टीच आहेत. पिक केलं की सगळीकडे लाल ठिपके ठिपके येतात, कमी केलं की परत निळं. काय करू?

प्रतिसाद:
तिथे लाल उरलेलाच नाही, तुम्ही वाढवताय तो नॉइज आहे, म्हणजे कमी प्रकाशात कॅमेऱ्याने स्वतःच घातलेले ठिपके. पिक थोडं कमी ठेवा आणि कलर टॅबमध्येच चॅनेल मिक्सर आहे तो उघडा. लाल चॅनेलमध्ये हिरव्याचा आकडा शून्यावर असेल, तो हळूहळू ३० पर्यंत न्या. म्हणजे लालमध्ये जी माहिती नाही ती हिरव्याकडून उसनी घ्यायची, हिरव्यात बारकावे शाबूत असतात. रंग अगदी खरे येणार नाहीत, पण कोरल कोरलसारखं दिसेल. ओआरएफवरच करा हे, जेपेगवर नाही. पाणी मळकट जांभळं दिसायला लागलं की समजा जास्त झालं.

आणि तरी नाहीच जमलं तर सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा. खोल पाण्यातला डाइव्हर, वरून येणारी उन्हाची तिरीप, बुडबुडे, हे काळ्या-पांढऱ्यात फार देखणं दिसतं. मी तर माझे १५ मीटरच्या खालचे फ्लॅशशिवायचे सगळे तसेच ठेवतो.

प्रतिसाद:
+१ ब्लॅक अँड व्हाइटला. आणि पुढच्या वेळी पाण्यात उतरताना एक पांढरी प्लास्टिकची पाटी खिशात ठेवा, दर थोड्या खोलीला तिचा एक फोटो काढायचा. घरी आल्यावर त्या पाटीवर पिक करायचं आणि प्रोफाइल बाकीच्यांना पेस्ट. कॅमेऱ्यात अंडरवॉटर मोड असेल तर तोही चालू ठेवा, निदान जेपेग तरी बरे येतील.

धागाकर्ता:
चॅनेल मिक्सर जमला! २५ वर ठेवला. कासवाचा एक फोटो होता, निळ्या अंधारात नुसता एक दगड पडल्यासारखा दिसत होता, त्याच्या पाठीवरची नक्षी आली चक्क. बायकोचा डाइव्हमधला फोटो मात्र ब्लॅक अँड व्हाइट केला, तिला आवडला, म्हणाली आता मी भाजलेली नाही आणि निळी पण नाही.

फक्त त्या कासवाच्या फोटोभर पांढरे ठिपके आहेत, बर्फ पडल्यासारखे. हे पण काढता येतात का?

प्रतिसाद:
ते बॅकस्कॅटर. कॅमेऱ्याचा फ्लॅश चालू राहिला असणार, लेन्सच्या अगदी शेजारून प्रकाश गेला की पाण्यातले कण समोरून चमकतात. पुढच्या वेळी तो बंद ठेवा. आत्ता डिटेल टॅबमध्ये स्पॉट रिमूव्हल आहे, एकेक ठिपका निवडून घालवावा लागतो. चेहऱ्यावरचे आणि डोळ्यांजवळचे काढा, पाण्यातले राहू द्या, नाहीतर रात्र जाईल.

धागाकर्ता:
कासवाच्या चेहऱ्यावरच चौदा आहेत. बसतो.