धारावीत कोरोना आटोक्यात आला, श्रेय नक्की कोणाचं?

चाळकरी: १ एप्रिल २०२० ला धारावीत पहिला पेशंट सापडला तेव्हा सगळ्यांनीच हाय खाल्लेली. अडीच चौरस किमीच्या आत आठ-दहा लाख माणसं, कसलं डोंबलाचं सोशल डिस्टन्सिंग! आणि जुलैत डब्ल्यूएचओचे प्रमुख टेड्रोस धारावीचं नाव घेऊन कौतुक करतायत. आमच्या ग्रुपवर एक म्हणतो सगळं बीएमसीने केलं, दुसरा म्हणतो संस्था नसत्या तर लोक उपाशी मेले असते. तुम्हाला काय वाटतं?

माहीमवाली: दोघंही अर्धंच सांगतायत. क्रीडा संकुल ताब्यात घेऊन क्वारंटाइन सेंटर करणं, सार्वजनिक संडास पुन्हा पुन्हा फवारून घेणं हे पालिकेशिवाय कोण करणार, घरात संडासच नाही त्याला घरात बस सांगून काय उपयोग. पण दारात कोण आलं ते बघा ना. तिथलेच खाजगी डॉक्टर, एप्रिलच्या उकाड्यात पीपीई घालून गल्ल्यांमधून फिरत होते. लोक वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जातात, ताप असला तर त्यांना खरं सांगतात. नुसता वॉर्डाचा माणूस आला असता तर "सगळे बरे आहेत हो" म्हणून दार लावलं असतं, उचलून नेतील ही धास्ती होतीच.

सदाशिव_पेठी: अगदी! १८९७ चा प्लेग आठवा. २०२० मध्ये लावला तो साथरोग कायदा त्याच वर्षीचा. पुण्यात प्लेग अधिकारी रँडने घराघरांत गोरे सोजीर घुसवले, लोक पेशंटच लपवायला लागले, आणि २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत पुण्याबाहेर दवाखाना चालवत होते, पेशंटची सेवा करताना लागण होऊन १० मार्चला सावित्रीबाई गेल्या.

शंकासुर: कौतुक पुरे राव. जुलै २०२० च्या मुंबईतल्या सेरो सर्व्हेत (रक्त तपासून कोणाला लागण होऊन गेली ते बघतात) झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांत अँटीबॉडी निघाल्या, बाकी वस्तीत १६. साथ आली, पसरली, गेली. श्रेय कसलं घेताय?

माहीमवाली: @शंकासुर तो सर्व्हे तीन वॉर्डांचा, त्यात धारावीचा जी नॉर्थ वॉर्ड नव्हता, म्हणजे धारावी नव्हतीच. पण समजा तिथेही तसंच पसरलं असेल, तरी दम लागलेल्या माणसाला वेळेत ऑक्सिजन मिळाला की नाही हा प्रश्न उरतोच ना? आणि धान्याचं म्हणाल तर कित्येकांचं रेशनकार्ड गावाकडचं, त्यांच्यापर्यंत संस्थाच पोचल्या. माझं म्हणणं एवढंच, प्रत्येक वॉर्ड ऑफिसने आपल्या भागातले असे डॉक्टर आणि मंडळं आत्ताच लिहून ठेवावीत, साथ आल्यावर शोधाशोध कशाला?