परजीवी गांधीलमाशीचे अंडी घालण्याचे वर्तन जनुकांत ठरलेले असते का?

मृण्मयी (प्रश्न)

नासोनिया व्हिट्रिपेनिस ही दोन-तीन मिलिमीटरची परजीवी गांधीलमाशी घरमाशीसारख्या माश्यांच्या कोषात अंडी घालते. कोष आधी शृंगिकांनी चाचपायचा, मग अंडनलिकेने कवचाला छिद्र पाडायचे, आतल्या यजमानाला विष टोचायचे आणि त्याच्या अंगावर अंडी ठेवायची, हा सगळा क्रम मी भिंगाखाली अनेकदा पाहिला आहे. या मादीला आईने काही शिकवलेले नसते, तरी पहिल्याच वेळी तिचे काही चुकत नाही. मग ‘अंडी घालण्याचे जनुक’ असे काही सापडले आहे का? आणि एकट्या मादीच्या संततीत नर इतके थोडे का असतात?

देवदत्त

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच उलगडते. या कीटकांत फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो. नासोनियाच्या नरात 5 गुणसूत्रे असतात, तर मादीत 10. मीलनानंतर मादी शुक्राणू शुक्रकोषात साठवून ठेवते आणि अंडे बाहेर पडताना ते सोडायचे की नाही, यावर अपत्याचे लिंग ठरते. ट्रायकोग्रामा या दुसऱ्या परजीवी कीटकात तर हे डोळ्यांना दिसते: अंडे घालताना पोटाच्या हालचालीत क्षणभर खंड पडला, तर ते अंडे फलित असते.

नासोनियाचे नर आखूड पंखांमुळे उडू शकत नाहीत. ते कोषाच्या तोंडाशीच थांबतात आणि बाहेर येणाऱ्या माद्यांशी मीलन करतात. कोषात एकाच आईची संतती असेल तर भावाभावांतच स्पर्धा होते, म्हणून थोडे नर पुरतात. त्याच ठिकाणी अनेक माद्यांनी अंडी घातली, तर नरांचे प्रमाण वाढत जाऊन निम्म्याकडे सरकते. उत्क्रांतिशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी 1967 मध्ये याचे गणित मांडले. म्हणजे वारशाने मिळतो तो ठरावीक आकडा नव्हे, तर परिस्थिती पाहून प्रतिसाद देण्याची रीत.

आता जनुकांविषयी. सारख्याच परिस्थितीत ठेवलेल्या माद्यांच्या वेगवेगळ्या वंशावळींत नरांचे प्रमाण थोडे वेगळे येते आणि निवड-पैदाशीने ते बदलताही येते, म्हणजे या फरकाचा काही भाग आनुवंशिक आहे. गुणसूत्रांवर त्याचा माग काढला असता, दुसऱ्या गुणसूत्रावर एक ठळक प्रभावक्षेत्र (नरांच्या प्रमाणावर परिणाम करणारा गुणसूत्राचा भाग) आणि तिसऱ्या व पाचव्या गुणसूत्रांवर काही क्षीण क्षेत्रे आढळली. त्यांपैकी काही अंड्यांच्या संख्येवर परिणाम करणाऱ्या क्षेत्रांशी जुळतात. त्यामुळे ‘एक वर्तन, एक जनुक’ अशी मांडणी मला इथे चुकीची वाटते.

शर्वरी

देवदत्त यांचे म्हणणे योग्यच आहे, पण वर्तन आईकडून लेकीकडे जाते एवढ्यावरून ते जनुकांतले आहे असे मानू नये. लेप्टोपिलिना बूलार्डी ही गांधीलमाशी फळमाशीच्या अळीत अंडे घालते आणि एका अळीतून एकच गांधीलमाशी बाहेर पडते. त्यामुळे आधीच अंडे असलेल्या अळीत पुन्हा अंडे घालणे बहुधा तोट्याचे ठरते. तरीही काही वंशावळींतल्या माद्या हेच वारंवार करतात. हा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या टिकत असल्यामुळे तो आनुवंशिक भासतो, परंतु तो संसर्गाने पसरतो, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले, आणि त्यामागे एक तंतुमय विषाणू असल्याचे पुढे स्पष्ट झाले. बाधित आणि निरोगी माद्यांची अंडी एकाच अळीत पडली की विषाणूला निरोगी वंशात शिरकाव मिळतो. म्हणजे मादीच्या तोट्याचे वर्तन विषाणूच्या फायद्याचे आहे. या विषयातले याहून विलक्षण उदाहरण मला माहीत नाही.

मृण्मयी

मनःपूर्वक आभार. मग जनुक आणि असा पाहुणा यांतला फरक प्रयोगात ओळखायचा कसा?

शर्वरी

उलटसुलट संकर करावेत: एकदा आई पहिल्या वंशातली आणि बाप दुसऱ्यातला, नंतर त्याच्या उलट. केंद्रकातील जनुकांमुळे गुण आला असेल, तर दोन्ही संकरांच्या लेकींना त्यात साधारण सारखाच वाटा मिळतो. तो सतत आईच्याच मागे जात असेल, तर पेशीद्रव्यात किंवा अंड्याबरोबर जाणाऱ्या सूक्ष्मजीवांत शोध घ्यावा. ट्रायकोग्रामाच्या काही वंशांत नुसत्या माद्याच जन्मत. त्यांना प्रतिजैविक दिल्यावर नर जन्मू लागले, कारण मूळ व्होल्बाकिया या जिवाणूत होते.

देवदत्त

नासोनियावर काम करणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. काही नरांत एक जादा गुणसूत्र असते. ते शुक्राणूतून अंड्यात शिरते आणि बापाकडून आलेली इतर सर्व गुणसूत्रे नष्ट करते. त्यामुळे आईने मादीसाठी म्हणून फलित केलेल्या अंड्यातून नर जन्मतो आणि तेच गुणसूत्र पुढे नेतो. अशा वेळी केवळ बाहेर पडलेले नर-माद्या मोजल्या, तर बापाकडून आलेला परिणाम आईच्या नावावर नोंदला जाईल. म्हणून प्रत्येक नराची वंशावळ आधी तपासून घ्यावी.