लॅबची पाच सेंटरं आणि किल्ल्यांचा गोंधळ – क्लाउडवालं डोअर अ‍ॅक्सेस घ्यावं का?

कलेक्शन_ताई_बडोदा

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आमची पॅथॉलॉजी लॅब आहे, मेन लॅब रेसकोर्सला आणि सँपल घ्यायची सेंटरं मांजलपूर, कारेलीबाग, वाघोडिया रोडला, आणि आता हालोलला नवीन चालू करतोय. सकाळी साडेसहाला उपाशीपोटी रक्त द्यायला म्हातारी माणसं येऊन उभी राहतात आणि किल्ली ज्याच्याकडे तो मुलगा अजून घरीच, किंवा किल्ली झाडूवाल्या मावशींकडे आणि त्या त्या दिवशी आलेल्याच नाहीत, हे नेहमीचं झालंय. कोणी नोकरी सोडून गेलं की कुलूप बदलायचं का यावरून आमच्याकडे दर वेळी वाद होतो, कारण किल्ली परत दिली म्हणजे त्याची दुसरी कॉपी नाहीच असं थोडंच आहे. आत रीएजंटचा फ्रिज आहे, पेशंटचे रिपोर्ट आहेत, कॅश पण असते.

दोन-तीन जणांनी कोटेशन दिलंय, सगळे म्हणतात किल्लीऐवजी कार्डानं किंवा बोटानं उघडणारं आणि इंटरनेटवरच्या सर्व्हरवरून सांभाळायचं क्लाउडवालं घ्या, मोबाइलवरून कुठल्याही सेंटरचं दार उघडाल, बंद कराल. पण प्रत्येक जण आपलंच खरं सांगतो, भाव पण जमीन-अस्मानाचे, एकाचं मशीन स्वस्त पण दाराला महिन्याचा चार्ज, दुसऱ्याचं उलटं. मला मुख्य भीती ही की नेट गेलं तर काय? हालोलला नेट रोजच जातं. आणि लाइट गेली तर? शिवाय एक जण फिंगरप्रिंटचाच आग्रह धरून बसलाय, पण आमच्या टेक्निशियनच्या हातात ग्लोव्हज असतात आणि दिवसभर सॅनिटायझर लावून बोटं इतकी कोरडी पडतात की हजेरीच्या मशीनवर पण लागत नाहीत. ज्यांनी दोन-चार ठिकाणी असं काही बसवलंय त्यांनी सांगा प्लीज, नीट समजून घेऊनच पैसे घालायचेत.

वायरवाला_मकरपुरा

ताई, बाकी सगळं नंतर, आधी प्रत्येकाला एकच विचारा, दार उघडायचं की नाही हे ठरवतं कोण, दारापाशी बसलेला कंट्रोलर (लॉकला उघड-बंद सांगणारा छोटा बोर्ड) की लांबचा सर्व्हर. ह्या एका प्रश्नात अर्धी कोटेशनं गळतील. नीट बनवलेल्या सिस्टिममध्ये क्लाउडकडे यादी पाठवायचं आणि हिशेब गोळा करायचं काम असतं, कोणाचं कार्ड चालेल, कुठल्या दाराला, किती ते किती वाजेपर्यंत, ही सगळी यादी कंट्रोलरमध्ये उतरलेली असते, नेट गेलं तरी दार ती यादी बघून उघडतं, कोण कधी आलं ते पण स्वतःकडे साठवतं आणि नेट आलं की वर चढवतं. काही स्वस्तातली वायफाय लॉकं मात्र प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारायला जातात, ती हालोलला घेऊच नका. डेमोला माणूस आला की त्याच्यासमोर राउटरची वायर काढा आणि कार्ड लावायला सांगा, तिथल्या तिथे कळेल. एक मात्र ध्यानात ठेवा, नेट बंद असताना तुम्ही घरून कोणाचं कार्ड बंद केलं तर ते त्या दारापर्यंत पोचत नाही, नेट आल्यावरच लागू होतं, म्हणून कोणाला काढायचं असेल तर स्क्रीनवर ते दार ऑनलाइन दिसतंय ना ते आधी बघायचं.

आता लाइट. आपल्याकडे काचेचं दार दिसलं की मॅग्नेट लॉक ठोकतात, ६०० पाउंडवालं, म्हणजे साधारण २७० किलोची पकड. पकड जबरदस्त, पण करंट आहे तोवरच, करंट गेला की दार सोडलं. १२ व्होल्टवर ते अर्ध्या अँपिअरच्या आसपास सतत खातं, ७ एएच (अँपिअर-तास) ची बॅटरी कागदावर १४ तास देते पण त्याच बॅटरीवर कंट्रोलर आणि कार्ड वाचणारा रीडर पण असतात आणि बॅटरीनं एक-दोन उन्हाळे काढलेले असतात, म्हणून निम्मे तास पण पक्के धरू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी २६ फुटांच्या धोक्याच्या खुणेच्या किती वर गेली होती ते सगळ्यांना माहितीये, कितीतरी एरियात लाइट पण नाही आणि नेट पण नाही. अशा वेळी नुसत्या मॅग्नेटवर सोडलेलं दार म्हणजे उघडंच दार. म्हणून बाहेरचं शटर आणि त्याचं कुलूप काढू नका, किंवा रस्त्याकडच्या दाराला इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीत बसणारं विजेवरचं लॉक) घ्या, फेल-सिक्युअर टाइपचं, करंट नसताना ते बाहेरून बंदच राहतं आणि आतून हँडल फिरवलं की केव्हाही उघडतं. दाराची चौकट कुठली आहे त्यावर बसेल की नाही ते ठरतं, तेवढं आधी दाखवून घ्या.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. रीडर, कीपॅड, रिले (लॉकचा करंट चालू-बंद करणारा स्विच) सगळं एकाच डब्यात असलेली मशीनं येतात, स्वस्त पडतात म्हणून लोक घेतात आणि डबा बाहेरच्या भिंतीवर लावतात. म्हणजे लॉकची वायर बाहेर आली ना, डबा उचकटला की दार त्याच्या हातात. बाहेर फक्त रीडर पाहिजे, कंट्रोलर आणि पॉवर सप्लाय आत, छताजवळ कुलपाच्या बॉक्समध्ये, आणि पूर येतो त्या भागात जमिनीपासून वरच. लॉकच्या टोकांना डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा पार्ट) लावलाय का ते पण बघा, चार आण्याची गोष्ट आहे पण नाही लावली तर लॉकचा करंट तुटताना जो उलटा झटका येतो त्यानं रिले लवकर जळतो आणि मग दोष मशीनला.

नेटवर्क_अलकापुरी

वायरवाले भाऊंशी पूर्ण सहमत, मी कॉम्प्युटरच्या बाजूचं सांगतो. जुन्या पद्धतीत मेन लॅबला सर्व्हर ठेवा, स्टॅटिक आयपी (नेटचा न बदलणारा पत्ता) घ्या, राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडा किंवा प्रत्येक ब्रँचला व्हीपीएन (नेटवरूनच खाजगी जोडणी) बांधा, हे सगळं आलं, आणि ते सांभाळायला माणूस पण आला. क्लाउडमध्ये कंट्रोलर स्वतःच आतून बाहेर कनेक्शन लावतो, आपण वेबसाइट उघडतो तसं, म्हणून साध्या ब्रॉडबँडवर किंवा ४जी राउटरवर पण चालतं, बाहेरून कुठलं पोर्ट उघडायचं काम नाही. पाच ठिकाणांना हा खरा फायदा आहे, मोबाइलवरून दार उघडायची हौस नाही.

पण क्लाउड म्हणजे तुमच्या दाराची दोरी दुसऱ्याच्या हातात, हे पण तितकंच खरं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तासांच्या आसपास बंद पडलं तेव्हा त्यांच्याच ऑफिसमध्ये लोकांचे बॅज चालेनात अशा बातम्या आल्या होत्या, आणि फेसबुककडे पैशाची किंवा इंजिनिअरची कमी नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत लॉकस्टेट या स्मार्ट लॉकवाल्या कंपनीनं चुकीचा अपडेट पाठवला आणि ५०० च्या आसपास लॉकं दुरूनच निकामी झाली, हातानं दुरुस्तीला पाठवावी लागली. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन नावाच्या स्मार्ट होमवाल्या कंपनीनं सर्व्हरच अचानक बंद केले. म्हणून लेखी विचारा, तुम्ही सर्व्हिस बंद केली तर हेच कंट्रोलर दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालतील का, माझी कार्डांची यादी आणि जुना रेकॉर्ड मला फाइलमध्ये मिळेल का, आणि महिन्याचे पैसे थकले तर दारं चालू राहतात की बंद होतात. ह्या शेवटच्या प्रश्नाला सेल्सवाला अडखळला तर समजून जा.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड हा आता तुमचा किल्ल्यांचा जुडगा आहे. २०२१ च्या मार्चमध्ये व्हर्काडा या क्लाउड कॅमेऱ्यांच्या कंपनीच्या सिस्टिममध्ये बाहेरचे लोक शिरले, दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत पोचल्याचं तेव्हा आलं होतं, आणि ते शिरले एका मोठ्या अधिकाराच्या अकाउंटच्या पासवर्डनं. तुमच्याकडे ओटीपीशिवाय लॉगिन होता कामा नये आणि एक लॉगिन पाच जणांत वाटून तर अजिबात नको, ब्रँच मॅनेजरला फक्त त्याच्या ब्रँचचं दार दिसलं पाहिजे.

कार्डाचं पण विचारा. १२५ किलोहर्ट्झचं जाडं पांढरं कार्ड सगळे देतात, त्यात गुपित असं काहीच नसतं, नुसता नंबर, त्याची कॉपी करायचं यंत्र ऑनलाइन सहज मिळतं. म्हणजे किल्लीच्या कॉपीची जी भीती तुम्हाला आहे ती तशीच राहिली. मायफेअर क्लासिक कार्डाचं गुप्त कोडिंग २००८ मध्येच नेदरलँड्सच्या विद्यापीठातल्या लोकांनी फोडून दाखवलं, ते पण नको. डेस्फायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ कार्ड मागा, एका कार्डामागे थोडे जास्त जातील. आणि रीडर ते कंट्रोलर वायर विगंड या जुन्या पद्धतीची असेल तर त्यावरून नंबर उघडाच जातो, ओएसडीपी ही नवी पद्धत असेल तर तो एन्क्रिप्ट करून पाठवता येतो, फक्त ते चालू करून द्या असं बसवणाऱ्याला स्पष्ट सांगावं लागतं.

जुना_बडोदेकर

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. पाच दारं, वीस-पंचवीस माणसं, त्यासाठी दर महिन्याला दर दाराचे पैसे जन्मभर देत बसायचे हे मला पटत नाही. कोटेशन बघताना पहिल्या वर्षाचा आकडा बघू नका, पाच वर्षांचा एकत्र मांडा, मशीन, बसवणं, महिन्याचा चार्ज, त्यावर जीएसटी, बॅटऱ्या, आणि दर वर्षी चार्ज किती वाढवणार ते. बऱ्याच वेळा स्वस्त मशीनवालाच शेवटी महाग पडतो.

आणि सर्व्हिसला माणूस कुठून येणार? परदेशी कंपनीचं अ‍ॅप दिसायला फार छान असतं, पण कंट्रोलर गेला तर पार्ट मुंबई-दिल्लीहून यायची वाट बघायची आणि तोवर दार? आपल्याच मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मॅट्रिक्स कंपनी आहे, त्यांचं कोसेक नावाचं प्रॉडक्ट हजेरी आणि दार दोन्ही करतं, सर्व्हरवर पण मिळतं आणि क्लाउडवर पण. मी त्यांचा एजंट नाही, पण गावात बनतं ते आधी बघून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, बाकी निवड तुमची.

नेटवर्क_अलकापुरी

काका, पाच वर्षांचा हिशेब मांडा हे एकदम बरोबर. पण सर्व्हर घरचा ठेवला तर त्याचा यूपीएस, बॅकअप, विंडोज अपडेट, हे करणार कोण? ताईंच्या लॅबमध्ये आयटीचा माणूस नसणार बहुतेक. सर्व्हर फुकट नसतो, फक्त त्याचं बिल वेगवेगळ्या नावानं येतं. माझं मत, एकाच बिल्डिंगमध्ये पाच दारं असती तर मी पण क्लाउडला नको म्हटलं असतं, इथे पाच दारं पाच ठिकाणी आहेत.

एचआर_फतेहगंज

ताई मी हॉस्पिटलमध्ये एचआरला आहे, फिंगरप्रिंटवर माझं स्पष्ट मत, दाराला नको. एक तर तुम्ही म्हणता ते बोटांचं खरंच आहे, लॅब आणि भांडी घासणारा स्टाफ यांची बोटं मशीनला लागतच नाहीत, लाइन लागते आणि मग कोणीतरी दाराला स्टूल लावून ठेवतो, संपलं. दुसरं म्हणजे कार्ड हरवलं तर नवीन देता येतं, बोट थोडंच बदलता येतं. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, आणि डेटा नीट सांभाळला नाही तर दंडाची मर्यादा २५० कोटीपर्यंत आहे. छोट्या लॅबला तेवढा लागेल असं नाही म्हणत, पण स्टाफच्या बोटांचे ठसे कुठल्या सर्व्हरवर जातात, देशात की बाहेर, माणूस गेल्यावर पुसतात का, हे विचारायची जबाबदारी मशीनवाल्याची नाही, आपली आहे.

आणि मशीनपेक्षा सवय महत्त्वाची. राजीनामा आला की शेवटच्या दिवशी हिशेब करताना कार्ड बंद करायचं हे कोणाचं काम ते नावानिशी ठरवा, नाहीतर किल्ली जशी फिरत होती तसं कार्ड फिरेल. मॅनेजरना स्वतःचं कार्ड मावशींना देऊ देऊ नका, मावशींना त्यांचंच कार्ड द्या, सकाळी सहा ते आठ चालेल असं, रविवारी लॅब बंद असेल तर रविवारी नाही. तेवढंच करता येतं म्हणून तर हे घ्यायचं. शिवाय दार किती वेळ उघडं राहिलं ते कळायला दारावर सेन्सर लागतो, तो कोटेशनमध्ये बहुतेक वेळा नसतो, मागून घ्या. फ्रिज असलेल्या खोलीला तर पाहिजेच.

कलेक्शन_ताई_बडोदा

मनापासून आभार सगळ्यांचे, एवढं कोणी सेल्सवाल्यानं सांगितलं नव्हतं. दोघांना लगेच फोन केला, कार्ड कुठलं विचारल्यावर एक जण म्हणाला "मॅडम, कार्ड तो कार्ड होता है", त्याला तिथेच सोडला. दुसऱ्यानं डेस्फायरचा भाव पाठवला आणि नेट काढून दाखवायला पण तयार आहे, पैसे थकले तर काय ते मात्र मेलवर लिहून मागितलंय, अजून आलं नाही. फिंगरप्रिंट रद्द. मावशींकडे साधा फोन आहे म्हणून मोबाइलवालं पण नको, कार्डच.

एक शेवटचं विचारते. मेन लॅबला मागचं दार आहे, जिन्याकडे उघडतं, तिथून कोणी पण वर येतं. आमचे सर म्हणतात तिथे पण मॅग्नेट लावा आणि आतून बाहेर जायला पण कार्ड ठेवा, म्हणजे कोण केव्हा बाहेर गेलं ते पण कळेल. करावं का?

वायरवाला_मकरपुरा

नाही ताई, ते दार जिन्याकडे जातं म्हणजे आग लागली तर पळायचा रस्ता तो. आतून बाहेर पडायला कार्ड ठेवायचंच नाही तिथे, नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये पण हेच आहे की बाहेर जायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. धुरात माणूस खिशात कार्ड शोधणार नाही. बाहेरून कार्ड, आतून ढकलायचा पॅनिक बार, आणि कोण गेलं ते बघायला एक कॅमेरा, सरांचं काम पण झालं. मॅग्नेटच लावायचा हट्ट असेल तर फायर पॅनलमधून रिले घेऊन मॅग्नेटची पॉवर अशी जोडून घ्या की अलार्म वाजला की करंट तुटलाच पाहिजे, सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही, थेट वायरमध्ये. शिवाय दाराशेजारी हिरवा ब्रेक-ग्लास (काच दाबली की करंट तोडणारं बटण), तो पण थेट पॉवरच्या वायरमध्ये. बसवल्यावर अलार्म वाजवून दार सुटतं का ते स्वतः उभं राहून बघा, बिल त्यानंतर पास करा. आणि हालोलला आधी एकच दार करा, पावसाळा जाऊ द्या, मग बाकीच्या चारची ऑर्डर द्या.