आकाशात मोठा स्फोट झाला तर गाव कसं सांभाळायचं? (उल्का, अफवा, गर्दी)

तापीकाठ (रावेर):
दोन शाळा आणि ग्रामपंचायतीसाठी आपत्ती व्यवस्थापनाचं टिपण तयार करतोय. पूर, वीज, केळीबागा झोपवणारं वादळ, हे सगळं घातलंय. उल्का वस्तीवर आली तर काय, हेही घाला असं सदस्यांचं म्हणणं आहे. २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला संध्याकाळी आकाशातून जळते तुकडे जाताना दिसले तेव्हा लोकांची कशी धांदल उडाली ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मुद्दा अगदीच हवेतला वाटत नाही. लोक अशा वेळी नेमकं काय करतात आणि त्यातलं काय महागात पडतं? जाणकारांनी नेमकं सांगावं.

आकाशनिरीक्षक:
भाऊ, टिपणात सगळ्यात वर घाला: लख्ख उजेड दिसला की खिडकीकडे जायचं नाही.

रशियातल्या चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ ला सकाळी साधारण २० मीटर व्यासाचा दगड सेकंदाला १९ किमी वेगाने आला आणि सुमारे ३० किमी उंचीवर फुटला. दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, मेलं कुणीच नाही. बहुतेकांना लागली ती फुटलेली काच. उजेड लगेच दिसतो, दणका मागून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३० किमीला दीड मिनिट, तिरकं अंतर जास्त असेल तर दोन-अडीच मिनिटंही लागतात. तेवढ्यात माणसं तावदानाला नाक लावून धुराची रेघ बघत उभी राहतात आणि नेमका तेव्हा हवेचा धक्का पोचतो. तिथल्या एका शिक्षिकेने मुलांना बाकाखाली बसवलं. मुलं वाचली, काच त्यांना स्वतःला लागली.

शाळेत सूचना अशी द्या: बाकाखाली, पाठ खिडकीकडे, हात मानेवर, तीन मिनिटं घड्याळ लावून. घड्याळ यासाठी की मिनिटभर काहीच झालं नाही की पोरं उठतात, आणि मास्तरही. मोठा दणका झाल्यावर मागून छोटे दणके येतात, तेव्हाही जागा सोडायची नाही. मैदानावर असाल तर भिंतीचा आडोसा घेऊ नका, मोकळ्यात पालथे पडा.

उजेड ते आवाज यांतले सेकंद मोजून ३ ने भागा, स्फोटाचं अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळतं.

पत्रा-धाबं:
वरचं शाळेला लागू, पण आपल्या गावांत काचेपेक्षा डोक्यावरचं छप्पर जास्त घातक. वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवलेले असतात. धक्क्याने पत्रा उचलला जातो आणि ते दगड थेट ओट्यावर बसलेल्यांच्या अंगावर येतात. चेल्याबिन्स्कला जस्ताच्या कारखान्याचं छप्परच खाली आलं होतं. दगड काढून पत्रे वायसरसकट जे-बोल्टने कैचीला आवळायला लावा, वादळातही तेच कामी येईल. जुन्या धाब्याच्या घरात आढ्याला तडा दिसला तर त्या रात्री आत झोपू देऊ नका.

आता अफवांचं. भुसावळ-वरणगाव पट्ट्यात मोठा दणका ऐकू आला की पहिला निष्कर्ष ठरलेला: वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत स्फोट झाला, नाहीतर दीपनगरच्या वीजकेंद्राचं काहीतरी उडालं. मग ज्यांचं माणूस कामावर आहे ते गाड्या घेऊन तिकडे सुटतात, रस्ता तुंबतो आणि १०८ ची गाडी त्यातच अडकते. नवल नाही, रशियात तर एका नेत्याने हा अमेरिकेचा शस्त्रप्रयोग आहे असं जाहीर सांगून टाकलं होतं. त्याच दिवशी २०१२ डीए१४ नावाचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किमीवरून जाणार होता, म्हणून ‘दुसरा येतोय’ हेही पसरलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, दिशाच वेगळ्या होत्या.

म्हणून घोषणेचा मजकूर आधीच लिहून ठेवा आणि ती एकाच माणसाने करायची, पोलीस पाटील किंवा सरपंच. आधी जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन, मग मंदिराच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून: “दणका आकाशातला आहे. काचांपासून लांब राहा. जखमींना आरोग्य केंद्रात आणा. रस्ता मोकळा ठेवा.” कारखान्याचं नाव घ्यायचंच नाही, “तिथे काही झालेलं नाही” असंसुद्धा नाही. अर्धं वाक्य ऐकून लोक उलटंच पसरवतात.

खडकवाला:
दगड सापडण्याचा भाग राहिला. गडबड तिथेच जास्त होते.

स्फोटानंतर उरलेले तुकडे वेग हरवून नुसते खाली पडतात, त्यांना जमिनीवर यायला आणखी काही मिनिटं लागतात. दणका संपला म्हणून शोधायला धावू नका, दहा मिनिटं स्लॅबखाली थांबा. पडलेला दगड धगधगत नसतो, गार नाहीतर कोमट असतो. ‘उल्केने गंजी पेटली’ असं कुणी म्हणालं तर आधी विजेच्या तारा बघा.

ओळखायचा कसा? लोक लोहचुंबक काढतात. आपल्याकडे ती परीक्षा कुचकामी. सगळा खानदेश बेसाल्टवर बसलाय, त्यात मॅग्नेटाइट (लोहचुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज) असतं, त्यामुळे शेताच्या बांधावरचा काळा धोंडाही लोहचुंबक ओढतो. उलट १८४३ मध्ये खानदेशातल्या माणेगावला पडलेली उल्का डायोजेनाइट जातीची आहे. या जातीत धातूच्या रूपातलं लोखंड जवळपास नसतंच, तिला लोहचुंबक धरणार नाही. कडा बघा: खऱ्या उल्केच्या दगडावर काळी साल असते, साधारण मिलिमीटरभर जाड, आणि तुटलेल्या जागी आतून रंग बहुधा फिकट. बेसाल्ट आतबाहेर काळाच. आत बुडबुड्यांची भोकं दिसली तर तो भट्टीचा मळ किंवा सच्छिद्र बेसाल्ट समजा. ताकदवान लोहचुंबक तर लावूच नका, दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते.

उचलण्याआधी शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. स्वच्छ हातमोज्याने किंवा ॲल्युमिनियम फॉइलने उचला आणि कोरड्या डब्यात ठेवा. धुवायचा नाही. शेंदूर-तेलही लावायचं नाही, हे गावात आधीच सांगून ठेवा, कारण तासाभरात हळदकुंकू वाहिलं जातं आणि तेल आत मुरलं की सेंद्रिय घटकांची तपासणी वाया जाते. श्रद्धेला हात न लावता मार्ग काढता येतो: पडल्या जागी पूजा करा, दगड तहसीलदारांकडे द्या. तिथून तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जातो, त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला आहे.

तापीकाठ (रावेर):
पाडव्याला दिसलेलं मग उल्का नव्हती ना? आणि लोकांना फरक कसा समजावायचा?

आकाशनिरीक्षक:
नव्हती. ते रॉकेटचे अवशेष होते, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला मोठी धातूची कडी सापडली. उल्का काही सेकंदांत संपते, मोबाइल खिशातून काढेपर्यंत खेळ आटोपतो. रॉकेटचे तुकडे सावकाश, एकामागे एक, मिनिटभर आकाश ओलांडत जातात. म्हणून ज्याचे हातात मोबाइल धरून काढलेले भरपूर व्हिडिओ फिरतायत ते बहुतेक रॉकेटच.

टिपणात मात्र दोन्ही वेगळं लिहा. उल्केचा दगड हातमोज्याने उचलता येतो. धातूचा गोळा, टाकी किंवा कडी दिसली तर भोवती ५० मीटर अंतरावर दोरी बांधून लोकांना लांब ठेवा आणि ११२ ला कळवा, टाकीत विषारी इंधनाचा अंश उरलेला असू शकतो. गोळा भंगारवाल्याकडे पोचायच्या आत तिथे कुणीतरी उभं हवं.