गडर लाईन (सांडपाण्याची) नवी, वरून सिमेंट रोड, अन् चेंबर उलटं मारून राहिलं. धरायचं कोणाला?

मानेवाडावाला: गेल्या वर्षी नागपुरात आमच्या लेआउटमध्ये नवी गडर लाईन टाकली, लगेच वरून सिमेंट रोड. पहिल्याच मोठ्या पावसात कोपऱ्यावरचं चेंबर उलटलं, तळमजल्यावरच्या काकूंच्या मोरीतून घाण वर आली. पाण्याच्या हेल्पलाइनवाले म्हणतात, गडर आमच्याकडे नाही. कंत्राटदार फोन उचलत नाही. काय करावं?

बर्डीकर: हेल्पलाइनवाले बरोबर आहेत भाऊ. ऑरेंज सिटी वॉटर या पाण्याच्या कंपनीकडे २०१२ पासून २५ वर्षांसाठी आहे ते नळाचं काम: शुद्धीकरण, टाक्या, मीटर, बिल. गडर महापालिकेचीच.

खामलेकर: नगरसेवकाला सांगा, जेटिंग मशीन येते, पाण्याच्या जोराने तुंबलेली लाईन मोकळी करते.

जुना_पेटी_कंत्राटदार: येते, आणि दोन पावसांनी परत तुंबते.

मानेवाडावाले, कंत्राटदाराचा फोन सोडा, महापालिकेकडे असलेली त्याची सुरक्षा ठेव पकडा. काम संपल्यावर दोषदायित्व कालावधी असतो, किती ते निविदेत लिहिलेलं असतं. त्यात बिघाड निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने, नाही केली तर ठेवीतून. म्हणून काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तक, हे दोन कागद पाहा. बिल एमबीवरच निघतं: कोणतं चेंबर किती खोल, पाइप किती मीटर, खाली बेडिंग, म्हणजे पाइपखालचा थर, किती.

मी हीच कामं पेटीवर, म्हणजे मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली, केली आहेत, म्हणून सांगतो. निविदा भरपूर बिलो, म्हणजे अंदाजित दरापेक्षा कमी, भरली की पैसा कुठून तरी काढावा लागतो. पाइप मोजता येतो, त्याला कोणी हात लावत नाही. बेडिंग आणि भराई मात्र जमिनीत जाते. त्यात आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भराई थराथराने दाबली नाही की मधला पाइप बसतो, लाईनला पोट पडतं, गाळ तिथेच साचतो. कोणी पावसाळी नाली गडरला जोडली असेल तरी असंच होतं, तेही बघा.

महापालिकेच्या झोन ऑफिसातल्या इंजिनिअरला आरसा लावायला सांगा. लाईन साफ करून एका चेंबरला टॉर्च, पुढच्यात दांडीला बांधलेला आरसा. पूर्ण गोल दिसला तर लाईन सरळ, गोल कापलेला दिसला तर पोट किंवा वाक. चेंबरमध्ये मात्र कोणाला उतरवू नका. गॅसने माणसं जातात.

मानेवाडावाला: एमबी दाखवतील काय?

जुना_पेटी_कंत्राटदार: माहिती अधिकारात दाखवावी लागते. एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मुदत ३० दिवस. नकलांसोबत कागदांची अन् कामाची पाहणीही मागा, कायद्यात तसा हक्क आहे. पण त्याच्या आधी, उद्याच, झोनला पत्र टाका: लाईनमध्ये दोष आहे, तपासणी होईपर्यंत ठेव सोडू नये. काकूंचीही सही घ्या. आवक नंबर पडल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

मानेवाडावाला: पत्राचा मसुदा आज रात्री इथेच टाकतो, जरा पाहून द्या.