अलास्काची क्रूझ: तीन पिढ्या घेऊन मे महिन्यात जावं, की पैसा पाण्यात?

तापीकाठ (जळगाव)

मुद्दा मांडतो, मग खुशाल तुटून पडा. आजी-आजोबा, आई-बाप आणि शाळकरी पोरं अशा सगळ्यांना मिळून थंड मुलखातले प्राणी पाहायचे असतील, तर अलास्काची सात रात्रींची मोठ्या जहाजाची सफर हाच सगळ्यात कमी दगदगीचा मार्ग आहे. आणि खान्देशातल्या माणसाने ती मे महिन्यात, कॅनडातल्या व्हँकुव्हरहून करावी.

मे का? शाळा जूनच्या मध्याला उघडते. पुढे कपाशीची निंदणी-फवारणी, श्रावणात कानबाई, मग पोळा. आखाजी (अक्षय्य तृतीया) आटोपली की घराला कुलूप लावता येईल असे तीन-चार आठवडेच हातात राहतात. तिकडेही मे महिना त्यातल्या त्यात कोरडा. केचिकान बंदराला वर्षाला साधारण ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जळगावच्या पाचपट, त्यामुळे हा फरक किरकोळ समजू नका. भाडं जुलैपेक्षा उतरलेलं असतं, डोंगरांवर बर्फ शिल्लक असतं आणि हवाईकडे हिवाळा काढलेले हंपबॅक देवमासे परत आलेले असतात.

व्हँकुव्हर का? अमेरिकेतल्या सिॲटलहून सुटणारी बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून जातात. तिथे जहाज डुलतं. व्हँकुव्हरची जहाजं बेटाच्या आतल्या अंगाने, जॉनस्टन सामुद्रधुनीतून वर चढतात. क्वीन शार्लट साउंडचा उघडा पट्टा त्यांनाही लागतो, पण तो काही तासांचा. मळमळणारं कुणी घरात असेल तर खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीला दुप्पट पैसे मोजून उलट्याच करायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

सातपुडा_पायथा (चोपडा)

जिभाऊ, सगळं मान्य, पण ‘प्राणी पाहायचे’ हे शब्द तेवढे मागे घ्या. तीन-चार हजार माणसांच्या जहाजाच्या दहाव्या मजल्यावरून देवमासा म्हणजे पाण्यावर उठलेला वाफेचा झोत. नजर वळेपर्यंत तो विरतो.

अस्वलांचं तर विचारूच नका. ती ओढ्याकाठी जमतात ती सॅमन माशांसाठी, आणि सॅमन ओढ्यांत चढतो जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. मेमध्ये अस्वल नुकतंच बिळातून निघालेलं असतं आणि कोवळं गवत खात कुठेतरी किनाऱ्याला फिरतं. दिसलं तर नशीब. जाहिरातीत तोंडात मासा धरलेलं अस्वल दाखवून मेची तिकिटं विकणं म्हणजे डोलारखेड्याच्या केळीबागेत वाघ दिसेलच, असं सांगून पर्यटक नेण्यासारखं आहे. पांढरं अस्वल या भागात मुळीच नाही, ते पार उत्तरेला आर्क्टिकच्या किनाऱ्याला. पेंग्विन तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. पोरांना आधीच सांगा, नाहीतर जहाजावर रडारड.

गर्दीचंही बोला. अलास्काची राजधानी जुनो, जिथे ही जहाजं थांबतात, तिची वस्ती सुमारे ३२ हजार आणि एका हंगामात उतरणारे क्रूझ प्रवासी १६ लाखांच्या वर. गावाने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं असं ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शनिवारी जहाजं नकोतच, यावर मतदान झालं. ते फेटाळलं गेलं, पण गाव त्या टोकाला पोचलं होतं हे विसरू नका.

माझा पर्याय: सिॲटलहून विमानाने अँकरेज, तिथून भाड्याची गाडी, रस्त्याने साधारण २०० किलोमीटरवर सिवर्ड. तिथून केनाई फ्योर्ड्स या हिमनद्यांच्या खाड्यांची सहा तासांची बोट. पफिन पक्षी, समुद्री पाणमांजर, स्टेलर सी लायन (समुद्रसिंह) आणि हिमनदी एकाच दिवसात, तेही पाण्यापासून दोन मीटर उंचीवरून. कॅनडाच्या व्हिसाची भानगडच नाही.

आक्का_भुसावळ

दादा, तुमची ती सहा तासांची बोट अलास्काच्या आखातात उघड्यावर जाते, हे लिहायचं राहिलं. सत्तरीच्या सासूबाईंना तिथे धरून बसवणार कोण? रोज हॉटेल बदला, रोज बॅगा चढवा-उतरवा, आणि गाडी उजव्या बाजूने चालवा. घरातल्या बाईची सुट्टी झाली कुठे?

माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. मोठं जहाज हे झोपायला आणि जेवायला, प्राणी पाहायला छोटी बोट. जुनोत उतरलात की ऑक बे धक्क्यावरून देवमासे दाखवणाऱ्या बोटी सुटतात, तीन-चार तासांच्या. आत शौचालय असतं आणि बसायला काचेआडची ऊबदार जागा. कायद्याने बोटीला हंपबॅकच्या १०० यार्डांच्या आत जाता येत नाही. तो स्वतःहून जवळ आला तर नावाडी वेग काढून घेतो.

आता पाहायचं कसं ते. देवमासा तीन-चार-पाच वेळा श्वास घेतो, दर वेळी झोत दिसतो. नुसती पाठ वळली आणि तो बुडाला, तर मिनिटभरात जवळच वर येईल. पाठीचा कुबडा उंच झाला आणि मागून शेपटीचा पंखा पूर्ण वर आला, की तो खोल गेला. मग पाच ते दहा मिनिटं निवांत. तेवढ्यात चहा प्या, आजोबांना आत बसवा, नंतर पुन्हा बाहेर या. हे ठाऊक नसलं की माणसं पूर्ण वेळ कठड्याला लटकून गारठतात आणि नेमक्या वेळी आत निघून जातात.

बॉल्ड ईगल शोधायला पोरांना एक खूण द्या: गडद हिरव्या झाडाच्या शेंड्याला कापसाचं बोंड फुटल्यासारखा पांढरा ठिपका. ते गरुडाचं डोकं. चार-पाच वर्षांचा होईपर्यंत डोकं तपकिरीच असतं, म्हणून नुसता पांढरा रंग शोधत बसलात तर पिल्लं सुटतील.

हिशेबी_धुळेकर

तुम्ही सगळे गरुड मोजताय, मी पैसे मोजतो. जाहिरातीतलं भाडं हे निम्मंच बिल आहे.

वरून काय लागतं: सेवा-बक्षीस म्हणून माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर, पोराटोरांनासुद्धा. बंदराचे कर वेगळे, त्यात अलास्काचा प्रवासी कर माणशी ३४.५० डॉलर. देवमाशांची बोट माणशी दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात. हिमनदीवर उतरवणारं हेलिकॉप्टर त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि ढग आले की ते रद्द. पैसे परत मिळतात, पण तो दिवस जातो. सहा माणसांच्या घराने प्रत्येक बंदरावर काहीतरी घेतलं, तर किनाऱ्यावरचा खर्च जहाजाच्या भाड्याशी बरोबरी करतो.

व्हिसा. “सिॲटलहून घेतली की कॅनडाचा व्हिसा वाचतो” असं सांगणारे एजंट भेटतात. चूक आहे. अमेरिकेचा १८८६ चा कायदा असा की परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकन बंदरातून निघून तिथेच संपणारी फेरी मधल्या परदेशी बंदराशिवाय करता येत नाही. म्हणून ही जहाजं परतीला कॅनडाच्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. कॅनडाचा व्हिसा नसेल तर भारतीय पासपोर्टवाल्याला सिॲटललाच चढताना अडवतात. म्हणजे कुठूनही निघा, दोन्ही व्हिसे लागणार. अमेरिकेचे माणशी १८५ डॉलर. कॅनडाचे १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५ (एकत्र अर्ज केलेल्या कुटुंबाला मिळून जास्तीत जास्त १७०). सातपुडावाल्यांच्या सिवर्डला कॅनडा लागत नाही, हे खरं.

क्रम चुकवू नका. आधी अमेरिकेचा व्हिसा, मग जहाज. मुंबईची मुलाखत महिनोन्महिने मिळत नाही, आणि जहाजाचा शेवटचा हप्ता निघण्याच्या साधारण ९० दिवस आधी जातो. त्यानंतर रद्द केलं तर कापाकापी सुरू.

तरी एक जागा आहे जिथे पैसे वाचतात. चार जणांच्या खोलीत तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बरंच कमी असतं. पण अशा खोल्या लवकर संपतात, कारण त्या भागाच्या जीवरक्षक नौकेत जेवढी माणसं मावतात त्यापेक्षा जास्त कंपनीला घेता येत नाहीत. म्हणूनच “खोल्या शिल्लक आहेत, पण चौघांना नाही” असं उत्तर येतं. एजंट फसवत नाही, खरंच तसं असतं.

केळीबाग (रावेर)

पोटाचं आणि अंगाचं कुणीच बोललं नाही.

अंगाचं आधी. कापूस पिकवणाऱ्या मुलखाने तिकडे सुती बनियन घालू नये. सुती कापड घाम आणि पाऊस धरून ठेवतं, वाळत नाही, आणि वारा लागला की अंग गार पडतं. आतून पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, वर फ्लीस, सगळ्यात वर टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट. तिन्ही सुटे हवेत, एकच जाड कोट नको. बंदरावर १२-१५ अंश असतं, हिमनदीपुढे डेकवर वाऱ्यात पाचच्या आसपास वाटतं, आणि जहाजाच्या आत उकडतं. कान झाकणारी टोपी, पातळ हातमोजे, पाणी न शिरणारे बूट. छत्री घरी ठेवा, वाऱ्यात उलटते.

पोटाचं. शाकाहारी मिळतं, बहुतेक मोठ्या जहाजांवर बुफेत भारतीय भाजी-वरण असतं. पण ते सपक. जैन जेवण हवं असेल तर आरक्षणातच लिहून घ्या, चढल्यावर सांगून भागत नाही. घरचं शिजवलेलं चढू देत नाहीत. कारखान्यात सीलबंद केलेला कोरडा खाऊ बहुधा चालतो. शेंगदाण्याची चटणी, शेव, बिबडे असलं काही न्यायचं तर पाकीटबंदच घ्या आणि विमानतळावर कस्टमच्या प्रश्नाला ‘अन्न आहे’ असं सांगून टाका. लपवलं की दंड. ताजं फळ नकोच. रावेरची केळी तिथे कचऱ्याच्या डब्यात जातील, ते पाहवणार नाही. विजेची किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड चढतानाच काढून ठेवतात. पण बुफेजवळ उकळतं पाणी मिळतं, पाकिटातले पोहे-उपमा त्यात होतात. कळण्याचं पीठ मात्र नेऊ नका, भाकरी थापणार कशावर?

औषधं हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि खोलीशी संध्याकाळपर्यंत येतात. बीपीची गोळी त्यात अडकली तर पंचाईत. जहाजावर डॉक्टर असतो, बिल अमेरिकन दराने येतं. विम्यात जुने आजार आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलाय का, ते वाचून घ्या.

नंदुरबारी

एवढ्या पैशात काश्मीर चार वेळा होईल.

तापीकाठ (जळगाव)

होईल की. पण समुद्रात कोसळणारी हिमनदी चारही वेळा दिसायची नाही.

आक्कांचं ‘मोठं जहाज झोपायला’ मला पटलं, माझ्या मूळ म्हणण्यात ही दुरुस्ती करून घेतो. धुळेकरांनी हेलिकॉप्टरचा धाक दाखवलाय, त्यावर स्वस्त उतारा: जुनोत मेंडेनहॉल हिमनदी बंदरापासून २० किलोमीटरवर आहे. बसने जा, नगेट धबधब्यापर्यंतची पायवाट एका बाजूने सव्वा किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सपाट. आजोबा काठी टेकत जाऊ शकतात.

आणि स्कॅगवे बंदराला व्हाइट पास घाटाची रेल्वे. १९०० साली पुरी झालेली, तीन फुटी रुळांची, वीस मैलांत जवळपास तीन हजार फूट चढते. पाचोरा-जामनेर या आपल्या पीजे रेल्वेचे रूळ अडीच फुटी होते, म्हणजे आपली त्याहून अरुंद! (विषयांतर झालं, पण पीजेचं नाव निघाल्यावर थांबवत नाही.) जाताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे. घाटमाथ्यावर गाडी वळवताना सगळ्यांना उठून समोरच्या बाकावर जायला सांगतात, म्हणजे येताना दुसऱ्यांना दरी मिळते.

सातपुडा_पायथा (चोपडा)

बठ्ठं बरोबर शे जिभाऊ, पण हिमनदीच्या बाबतीत लोक नेमके फसतात ते सांगतो. तिकिटावर ‘हिमनदी दर्शन’ एवढंच असेल तर विचारा, कोणती? ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी आहे, सगळ्या कंपन्यांना ती मिळत नाही. तिथे उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून माहिती देतात, जहाज दिवसभर आत असतं आणि मार्जरी हिमनदीपुढे थांबून गोल फिरतं. म्हणून त्या दिवसासाठी डावी-उजवी बाल्कनी असा वाद घालू नका.

बर्फ कोसळताना पाहायचं तर कानावर विसंबू नका. आवाज उशिरा पोचतो. गडगडाट ऐकून मान वळवलीत तर फक्त उसळलेलं पाणी दिसेल. भिंतीवर एक जागा निवडा, जिथून वाळू सांडल्यासारखे बारीक तुकडे गळत असतील, आणि तिथेच नजर ठेवा. तरंगत्या हिमखंडांवर काळ्या वेटोळ्यांसारखे दिसतात ते हार्बर सील. मेच्या शेवटापासून त्यांच्याजवळ पिल्लं असतात. हा मेचा फायदा, तो मी नाकारत नाही.

दुर्बीण ८×४२ घ्या. दहापटीची हलत्या जहाजावर थरथरते, पोरांना काही सापडत नाही. आणि विकत घेऊन थेट तिकडे नेऊ नका. थंडीत दोन रविवार हतनूरच्या जलाशयावर लालसऱ्या पाहायला न्या. उडता पक्षी दुर्बिणीत धरता आला की देवमासा सोपा. कॅमेरा थंड डेकवरून गरम खोलीत आणताना आधी पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर भिंगावर दव. ड्रोन राष्ट्रीय उद्यानात बंदी, जहाजावरही बहुधा काढूनच घेतात.

सिवर्डबद्दलचं मत मात्र बदलत नाही. निदान पोरं मोठी आणि म्हातारं कुणी सोबत नसेल त्यांनी तरी.

आक्का_भुसावळ

त्यांनी जावं, माझी ना नाही.

घड्याळाचं राहिलं होतं. व्हँकुव्हर आपल्या साडेबारा तास मागे, अलास्का साडेतेरा. जहाज आपलं घड्याळ रात्रीतून बदलतं, फोन कधी बदलतो कधी नाही. बंदरावर उतरताना मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि त्यावरच चाला. सुटण्याच्या अर्धा तास आधी शिडी बंद होते. जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून स्वस्तात घेतलेल्या बोटीला झाला तर नाही, आणि जुनोला बाहेरून येणारा रस्ताच नाही. पुढचं बंदर विमानाने गाठावं लागतं, स्वतःच्या खर्चाने. बाहेरची बोट घ्यायचीच तर जहाज सुटायच्या निदान दोन तास आधी परत येणारी घ्या. आणि मुंबईहून निघताना जहाजाच्या दोन दिवस आधी पोचा. पहिली रात्र पोरं दोनला उठून खायला मागतात, ती हॉटेलात मागू द्या.