ब्लॅक हिल्सचे पैसे नाकारण्यात लाकोटांचे काय चुकले?

धागालेखक

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जून १९८० रोजी, आठ विरुद्ध एक मताने, मुख्यतः साउथ डकोटा राज्यात असलेल्या ब्लॅक हिल्स या डोंगरांचा मुलूख सू राष्ट्राकडून (लाकोटा व त्यांच्या सहजमातींच्या मूळनिवासी समूहाकडून) योग्य मोबदला न देता घेतला गेला, असा निर्वाळा दिला आणि १८७७ सालच्या मूल्यानुसार १ कोटी ७१ लाख डॉलर व त्यावरील व्याज मंजूर केले. लाकोटा आणि त्यांच्या सहजमातींनी ती रक्कम आजतागायत उचललेली नाही, आणि सरकारी खात्यात पडून ती १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. एवढे दारिद्र्य असताना हा कसला हट्ट, असे बरेच जण विचारतात. मला तो हट्ट वाटत नाही.

मुळात व्यवहार कसा झाला ते पाहावे. १८६८ च्या फोर्ट लॅरामी करारात हे डोंगर सूंच्या राखीव भूमीत धरलेले होते, आणि त्या भूमीचा कोणताही भाग पुढे घ्यायचा झाल्यास किमान तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील, असे बाराव्या कलमात सरकारनेच लिहून दिले होते. १८७४ मध्ये अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या लष्करी मोहिमेला तेथे सोने सापडले, खाणवाल्यांची रीघ लागली आणि त्यांना अडवण्याचे काम लष्कराने वर्षभरात सोडून दिले. ऑगस्ट १८७६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ठरवले की डोंगरांवरचा हक्क सोडल्याशिवाय सूंना शिधा मिळणार नाही. शिकारीवर जगणे अशक्य झालेल्या आणि त्या शिध्यावरच तगलेल्या लोकांपुढे सरकारी आयोगाने कागद ठेवला, तरीही त्यावर जेमतेम दहा टक्के पुरुषांनी सही केली. आणि मग फेब्रुवारी १८७७ मध्ये सरळ कायदा करून जमीन ताब्यात घेण्यात आली. जी विक्री झालीच नाही तिची किंमत आज घेणे म्हणजे ती झाली होती, असे मागाहून मान्य करणे होय.

प्रतिसाद १

इतिहासाबद्दल माझा वाद नाही. पण लाकोटांच्या पाइन रिज राखीव क्षेत्रात एकेका घरात दोन-तीन कुटुंबे दाटीवाटीने राहतात, कित्येक घरांना नळाचे पाणी नाही, आणि तेथील आयुर्मान देशातील सर्वांत कमी आयुर्मानांपैकी आहे. जमातीच्या परिषदेने तत्त्व सांभाळायचे आणि त्याची किंमत मात्र त्या घरांतल्या मुलांनी मोजायची, हे मला पटत नाही. सगळ्यांचे एकमत आहे असेही नाही. पैसे वाटून मिळावेत म्हणून काही सदस्यांनी २००९ मध्ये न्यायालयात धाव घेतली होती.

शिवाय, नकारामुळे दावा शाबूत राहतो हा समज कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. वेस्टर्न शोशोनी जमातीनेही मोबदला नाकारला होता. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पैसे सरकारी खात्यात जमातीच्या नावे जमा झाले, तेथेच भरपाई पूर्ण झाली. २००४ मध्ये तर काँग्रेसने ते पैसे वाटून टाकण्याचा कायदाही केला.

धागालेखक

शोशोनींचा दाखला महत्त्वाचा आहे, आणि कोर्टाच्या वाटेने जमीन परत मिळणार नाही हे मीही मानतो. १९८० चा निकालसुद्धा केवळ भरपाईचा होता; जमीन देण्याचा अधिकार काँग्रेसकडेच आहे. म्हणूनच नकाराचे मोल राजकीय आहे. जोवर पैसे उचललेले नाहीत, तोवर प्रकरण मिटले असे कोणत्याही सरकारला छातीठोकपणे म्हणता येत नाही. राहिला प्रश्न पाइन रिजच्या घरांचा आणि पाण्याचा. ती करारांतून आलेली, अमेरिकी सरकारची वेगळी जबाबदारी आहे. ती पार पाडण्यासाठी डोंगरांचा मोबदला कशाला खर्ची घालायचा?

प्रतिसाद २

लाकोटा स्वतःही या डोंगरांत अठराव्या शतकातच आले. त्यांच्याआधी तेथे कायोवा, शायेन आणि क्रो होते, आणि त्यांना लाकोटांनी बळानेच मागे रेटले. मग मूळ मालक कोण, हे ठरवायचे कसे?

धागालेखक

१८६८ मध्ये अमेरिकेने करार केला तो लाकोटांशी, आणि मोडला तोही त्यांच्याशीच. दावा त्या कराराचा आहे. क्रो किंवा शायेन यांची भूमिका ऐकून घ्यावी, यात मला काहीच गैर दिसत नाही. पण त्यांच्या नावाने वॉशिंग्टनला हात झटकता येणार नाहीत.

प्रतिसाद ३

जमीन परत देणे अशक्यच आहे असे गृहीत धरून इथे चर्चा चालली आहे, म्हणून एक उदाहरण देतो. न्यू मेक्सिकोतील ताओस पुएब्लो या मूळनिवासी जमातीचे पवित्र सरोवर ब्लू लेक १९०६ मध्ये राष्ट्रीय वनात घालण्यात आले. त्या लोकांनी पैशांऐवजी सरोवरच हवे, अशी मागणी पिढ्यान्‌पिढ्या लावून धरली आणि डिसेंबर १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सुमारे ४८,००० एकर परत देणाऱ्या कायद्यावर सही केली.

प्रतिसाद १

ताओसचा प्रदेश बहुतांश निर्जन वनाचा होता. ब्लॅक हिल्समध्ये गावे वसली आहेत, पर्यटनावर हजारो लोकांचे पोट आहे, आणि राष्ट्राध्यक्षांच्या चेहऱ्यांचे माउंट रशमोर हे शिल्प तेथेच कोरलेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या सामान्य कुटुंबांना उठवायचे का?

धागालेखक

कोणालाही उठवायचे नाही. सिनेटर बिल ब्रॅडली यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या विधेयकात खासगी जमीन आणि माउंट रशमोर दोन्ही वगळून, केवळ संघराज्य सरकारच्या मालकीची सुमारे १३ लाख एकर जमीन परत देण्याची तरतूद होती. ते समितीच्या पुढे गेलेच नाही. आणि या डोंगरांतून निघालेल्या संपत्तीचा विचार करायचा असेल, तर एकट्या होमस्टेक खाणीतून २००२ मध्ये ती बंद होईपर्यंत सुमारे ४ कोटी औंस सोने निघाले. उलट २०१२ मध्ये याच डोंगरांतले पे' स्ला हे पवित्र पठार विक्रीला निघाले, तेव्हा सू जमातींना स्वतःच्या खिशातून सुमारे ९० लाख डॉलर मोजून १,९०० हून अधिक एकर विकत घ्यावे लागले. सरकारी वनजमिनीच्या बाबतीत तरी हीच वेळ त्यांच्यावर का आणावी, याचे उत्तर प्रतिसाद १ च्या लेखकांकडून मला हवे आहे.